ससा कोणाचा? फेरेट, टेरियर आणि साडेपाचशे वर्षांचे कायदे

इ.स. १३९०. इंग्लंडच्या संसदेने एक कायदा केला. ज्याच्या जमिनीचं वर्षाचं उत्पन्न ४० शिलिंगांपेक्षा कमी आहे अशा कारागिराने, मजुराने किंवा कुठल्याही साध्या माणसाने शिकारी कुत्रा पाळायचा नाही. फेरेट वापरायचं नाही. हरीण, ससा धरायला जाळं किंवा फास लावायचा नाही. पकडला गेला तर एक वर्ष तुरुंग.

इ.स. १९५४. त्याच देशाच्या संसदेने दुसरा कायदा केला. सरकार जो भाग जाहीर करेल, तिथे ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याने आपल्या जमिनीवरचे ससे मारलेच पाहिजेत. टाळाटाळ केली तर तो गुन्हा.

प्राणी तोच, बीळ तेच, धरायची पद्धतही जवळजवळ तीच. पाचशे चौसष्ट वर्षांपूर्वी जे केलं म्हणून तुरुंग, ते आता केलं नाही म्हणून दंड. मधल्या काळात ससा बदलला नव्हता. मग बदललं काय? आजची पोस्ट त्यावर आहे. लांब आहे, पण सवडीने वाचा. विषय सशाचा वाटला तरी तो जमिनीचा आहे, पिकाचा आहे आणि कायदा कोणाच्या सोयीने लिहिला जातो याचा आहे.

आधी पात्रांची ओळख करून घेऊ, कारण इथेच आपल्याकडे घोळ होतो.

आपण ज्याला ससा म्हणतो तो इंग्रजीतला 'हेअर'. आपला रानससा बीळ खणत नाही. ढेकळांच्या आडोशाला, गवतात दबून बसतो आणि पाय पडायच्या आत उसळी मारून पळतो. इंग्लंडच्या गोष्टीतला ससा म्हणजे 'रॅबिट'. हा जमिनीखाली बिळांचं जाळं करून कळपाने राहतो. एका बांधाखाली वीस-पंचवीस तोंडं असलेली वसाहत असू शकते. वरून कुत्रा आला की सगळे आत. म्हणून आपल्याकडे सशामागे लांब पायांचे, पळणारे कारवानी कुत्रे सोडायचे, आणि तिकडे लागतो तो बिळात शिरणारा गडी.

तो गडी म्हणजे फेरेट. दिसायला आपल्या मुंगसासारखं, लांब अंगाचं, आखूड पायांचं. कूळ मात्र वेगळं. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाने हे माणसाळवलेलं आहे. बिळात शिरून सशाला बाहेर काढणं हाच त्याचा धंदा, आणि तो फार जुना आहे. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की भूमध्य समुद्रातल्या बॅलेरिक बेटांवर सशांनी पिकं इतकी खाल्ली की लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली. त्याच जागी तो सशाला बिळातून हुसकावणाऱ्या फेरेटसारख्या प्राण्याचंही कौतुक करतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही शेतकऱ्याचं गाऱ्हाणं तेच आणि उपायही तोच.

तिसरं पात्र टेरियर. लॅटिनमध्ये 'टेरा' म्हणजे जमीन, त्यावरून हे नाव. बुटका, दणकट, राठ केसांचा, नाकाचा तिखट कुत्रा. जमिनीत दडलेल्या कोल्ह्याला, बॅजरला, उंदराला भिडण्यासाठी याच्या पिढ्या निवडल्या गेल्या. जॅक रसेल, बॉर्डर, लेकलँड, बेडलिंग्टन हे सगळे त्याच घराण्यातले. यातला बेडलिंग्टन तर इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कोळसा-खाणींच्या गावचा, खाणकामगारांचा कुत्रा.

आता हे दोघं मिळून काम कसं करतात ते बघा. ते कळल्याशिवाय जमीनदारांना या जोडीची एवढी चीड का होती ते कळणार नाही.

हंगाम हिवाळ्याचा, साधारण ऑक्टोबर ते मार्च. काटेरी झुडपं, नेचे वाळून खाली बसलेले असतात, बिळांची तोंडं दिसतात, आणि बिळात पिल्लंही कमी असतात. माणूस वाऱ्याच्या उलट्या अंगाने येतो. बोलायचं नाही, पाय आपटायचे नाहीत. सशाला जमिनीतून पावलांची धमक कळते आणि तो मागचा पाय आपटून साऱ्या वसाहतीला इशारा देतो. एकदा इशारा गेला की ससे आतच दबून बसतात, बाहेर यायला तयार होत नाहीत.

पहिलं काम टेरियरचं. तो बिळांच्या तोंडावरून नाक फिरवत जातो. रिकाम्या बिळावर थांबत नाही. ज्यात ससा आहे तिथे थबकतो, कान पुढे करतो, मालकाकडे बघतो. भुंकायचं नाही, उकरायचं नाही. जमिनीखालच्या प्राण्याला भिडण्यासाठीच घडवलेल्या कुत्र्याला तोंडापाशी नुसतं उभं राहायला शिकवणं हे मोठं कसब आहे. रॅबिटचं बीळ टेरियरला बहुतेक वेळा अरुंदच पडतं. तो आत घुसायला गेला तर अडकायची भीती, आणि सगळा खेळ बिघडला.

मग प्रत्येक तोंडावर थैलीसारखी छोटी जाळी अंथरायची. तिच्या कडेने दोरी ओवलेली, दोरी खुंटीला बांधलेली. ससा जोरात आदळला की दोरी ओढली जाते आणि थैलीचं तोंड बंद. हे झालं की खिशातून किंवा लाकडी पेटीतून फेरेट काढायचं आणि एका तोंडातून आत सोडायचं. बहुतेक वेळा मादी सोडतात. ती अंगाने लहान असते, आतल्या आत सशाला मारून बसण्याचा संभव कमी. थोडा वेळ काहीच होत नाही. मग जमिनीखाली गुडगुड ऐकू येते, आणि एखाद्या तोंडातून ससा गोळीसारखा जाळीत येतो.

यात टेरियर काय करतो? तीन कामं. नजरेतून सुटलेल्या तोंडातून ससा निसटला तर त्याला धरायचं. काट्यांच्या जाळीत दडून बसलेल्याला तिथून उठवायचं. आणि तिसरं, सगळ्यात नाजूक: जमिनीखाली फेरेट कुठे सरकतंय ते वरून कानाने, नाकाने टिपत राहायचं. कधीकधी फेरेट आत ससा मारतं, पोटभर खातं आणि तिथेच झोपतं. पूर्वी अशा वेळी दोरी बांधलेलं दुसरं थोराड नर फेरेट आत सोडायचे आणि दोरीवरच्या गाठी मोजून किती खोल खणायचं ते ठरवायचे. आता फेरेटच्या गळ्यात छोटा ट्रान्समीटर असतो. तरी चांगल्या कुत्र्याच्या नाकावर भरवसा ठेवणारे अजून आहेत.

या जोडीचा खरा कस मात्र आणखी एका ठिकाणी लागतो. फेरेट म्हणजे सशाएवढाच, केसाळ, बिळातून अचानक बाहेर येणारा प्राणी. टेरियरच्या रक्तातच अशा प्राण्यावर झडप घालणं आहे. म्हणून दोघांना लहानपणापासून एकमेकांसमोर वाढवावं लागतं, वासाची सवय लावावी लागते. ज्याने एकदा फेरेट फाडलं त्या कुत्र्याला या कामाला कोणी नेत नाही.

आता या सगळ्याचा खर्च मांडा. एक छोटा कुत्रा, जो घरात उंदीरही मारतो. दोन फेरेटं, पेटीत मावणारी. घरी विणलेल्या डझनभर जाळ्या. बंदूक नाही, घोडा नाही, आवाज नाही. सगळं सामान कोटाच्या आतल्या खिशात मावतं. भूमिहीन मजुराला घरी मटण शिजवायचा यापेक्षा स्वस्त मार्ग नव्हता. आणि नेमकं हेच खुपत होतं.

इतिहासाकडे वळू. रॅबिट इंग्लंडचा मूळचा नाही. त्याचं मूळ घर स्पेन-पोर्तुगाल. अकराव्या शतकात नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्यामागून हे ससे तिथे आले, तेही मांस आणि कातड्यासाठी पाळायला. थंड, ओल्या हवेत ते सुरुवातीला नीट तगत नसत. त्यांच्यासाठी मातीचे लांबट उंचवटे रचून, त्यात बिळं पाडून दिली जात. अशा राखीव जागेला 'वॉरन' म्हणत. वॉरन राखायचा हक्क राजाकडून मिळे, आणि तो मिळे सरदारांना, बिशपांना, मठांना. बाजारात ससा कोंबडीपेक्षा कितीतरी महाग होता. थेटफर्डच्या मठाने आपल्या वॉरनमध्ये रखवालदारासाठी बांधलेली दगडी दुमजली गढी आजही उभी आहे. जाड भिंती, टेहळणीच्या खिडक्या. सगळा बंदोबस्त सशांसाठी!

फेरेटही त्या काळी आधी मालकांच्याच हाती होतं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या 'क्वीन मेरी साल्टर' नावाच्या सचित्र हस्तलिखितात फेरेट आणि जाळी घेऊन ससे धरणाऱ्या स्त्रिया रंगवल्या आहेत, अगदी मजेचा उद्योग असावा तशा. म्हणजे साधनात पाप नव्हतं. ते साधन कोणाच्या हातात आहे यावर सगळं होतं.

मग आलं १३८१ साल. इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांचा मोठा उठाव. कारण अनेक होती: डोईपट्टी, वेठबिगार, मजुरीवर घातलेली बंधनं. पण या उठावातली एक मागणी फारशी सांगितली जात नाही. त्या काळचा बखरकार नाइटन लिहितो की बंडाचा पुढारी वॉट टायलर याने राजासमोर मागणी ठेवली: पाणी, तळी, जंगलं, वॉरनं सगळ्यांना खुली करा, गरिबालाही श्रीमंतासारखी शिकार करू द्या.

सेंट ऑल्बन्स गावात तर याचं प्रत्यक्ष रूप दिसलं. हे गाव एका बलाढ्य मठाच्या ताब्यात होतं. मठाधिपतीचा नियम असा की धान्य दळायचं ते मठाच्याच गिरणीत आणि दळणावळ भरून. लोकांच्या घरची जाती काही दशकांपूर्वी जप्त करून एका मठाधिपतीने त्यांच्या तळ्या आपल्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवल्या होत्या. जात्यावर दळण हे ज्यांच्या आजीच्या आठवणीत आहे, त्यांना यातला अपमान समजावून सांगायला नको. बंडात लोक मठात घुसले, ती फरशी उखडली आणि जात्यांचे तुकडे घरोघर वाटून घेतले. आणि त्यांनी आणखी एक केलं. रानात एक जिवंत ससा धरला आणि गावच्या चौकात, गुन्हेगारांना जिथे खोड्यात अडकवून उभं करत, तिथे टांगला. अर्थ सरळ होता: हे रान आता आमचं.

बंड चिरडलं गेलं. सेंट ऑल्बन्सचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब फासावर गेला. आणि नऊ वर्षांनी आला तो १३९०चा कायदा, ज्याने ही पोस्ट सुरू झाली. त्या कायद्याच्या प्रास्ताविकात कारणही दिलंय. भले ख्रिस्ती लोक सणावारी चर्चमध्ये असतात तेव्हा हे मजूर आणि कारागीर कुत्री घेऊन रानात जातात, आणि शिकारीच्या निमित्ताने एकत्र जमून कट शिजवतात. वाचलंत ना? भीती ससे कमी होतील याची जेवढी, तेवढीच चार गरीब माणसं एकत्र येतील याची.

इथून पुढे तीनशे-चारशे वर्षं याच सुरात कायदे येत राहिले. १६७१च्या कायद्याने शिकारीचा हक्क साधारण १०० पौंड वार्षिक उत्पन्नाची स्वतःची जमीन असणाऱ्यांपुरता ठेवला. म्हणजे स्वतःच्या तुकड्यावर राबणाऱ्या छोट्या शेतकऱ्यालाही आपल्या बांधावरचा प्राणी मारायची मुभा नाही. जमीनदाराच्या रानराख्याला, ज्याला 'गेमकीपर' म्हणत, झडतीच्या परवान्यानिशी घरात शिरून बंदुका, कुत्री, जाळी, फेरेटं जप्त करायचा अधिकार मिळाला. १७२३चा 'ब्लॅक अॅक्ट' त्याहून पुढचा. तोंडाला काळं फासून, हत्यार घेऊन वॉरन लुटलं तर थेट फाशी.

एक गंमत लक्षात घ्या. इंग्लंडच्या जुन्या न्यायपरंपरेत रानात हिंडणारा जिवंत प्राणी कोणाच्याच मालकीचा नसतो. त्यामुळे रानातला ससा धरणं ही कायद्याच्या भाषेत चोरीसुद्धा नव्हती. म्हणून तर वेगळे कायदे करावे लागले. आणि म्हणूनच खेड्यातल्या माणसाला यात कधी पाप वाटलं नाही. कोंबडी चोरणाऱ्याला जे लोक वाळीत टाकत, तेच लोक ससा धरणाऱ्याला रानराख्यापासून लपवत.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गावोगावची सामायिक कुरणं कुंपणं घालून खासगी केली गेली. आपल्याकडच्या गायरानासारखी ही जागा. तिथे गरिबाची गाय चरायची, सरपण मिळायचं. ती गेली, मजुरी पडली, नेपोलियनशी चाललेलं युद्ध संपल्यावर शिपाई बेकार होऊन घरी आले. चोरटी शिकार वाढली आणि कायदा आणखी कडक झाला. १८२८चा रात्रीच्या शिकारीचा कायदा सशालाही लागू होता. तिसऱ्यांदा सापडलात तर सात वर्षं काळं पाणी. तिघे किंवा जास्त जण एकत्र आणि त्यातल्या एकाच्या हातात नुसता सोटा असला तरी चौदा वर्षांपर्यंत. हॅमंड दांपत्याने १९११ साली इंग्लंडच्या शेतमजुरांचा इतिहास लिहिला. त्यांनी दिलेला आकडा असा की १८२७ ते १८३० या काळात देशातल्या दर सात शिक्षांमागे एक शिकारकायद्याखालची होती.

आणि निवाडा कोण करत होतं? गावपातळीचे न्यायाधीश म्हणजे तिथलेच जमीनदार. ससा यांच्या रानातला, रखवालदार यांच्या पगारावरचा, न्यायासनावर हेच. तिकडे आरोपीच्या पिंजऱ्यात कोटाच्या खिशात फेरेट सापडलेला मजूर. अपील करायचं कोणाकडे?

काळ्या पाण्यावर जायचं म्हणजे बहुतेक वेळा ऑस्ट्रेलिया, टास्मानिया. इथे इतिहासाने एक विचित्र वळण घेतलं. ज्या खंडात सशाच्या शिकारीसाठी माणसं हद्दपार केली, तिथेच १८५९ साली टॉमस ऑस्टिन नावाच्या श्रीमंत जमीनदाराने शिकारीची हौस म्हणून इंग्लंडहून २४ ससे मागवले आणि व्हिक्टोरियातल्या आपल्या बार्वन पार्क इस्टेटीवर सोडले. पन्नास वर्षांच्या आत ते पश्चिम ऑस्ट्रेलियापर्यंत पोचले. त्यांना अडवायला तिथल्या सरकारने १८०० किलोमीटरहून लांब कुंपण घातलं. ते १९०७ मध्ये पुरं झालं, तोवर ससे पलीकडे गेलेले होते. न्यूझीलंडने सशांवर उपाय म्हणून फेरेटंच रानात सोडली. त्यांनी सशांपेक्षा तिथले न उडणारे पक्षी खाल्ले आणि आज फेरेट हाच तिथला उपद्रवी प्राणी आहे. माणसाच्या हातातलं, पेटीत परत येणारं फेरेट वेगळं आणि मोकाट सुटलेलं वेगळं.

आता इंग्लंडमध्ये परत येऊ, कारण कलाटणी तिथे आहे. कलाटणी मजुरामुळे आली नाही, कुळामुळे आली.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडची बहुतेक शेती कुळं कसत. जमीन लॉर्डची, खंड कुळाचा, पीक कुळाचं. पण शिकारीचा हक्क करारात लॉर्डने स्वतःकडे राखलेला. म्हणजे गव्हाचे कोंब ससे खात असताना कुळाने बघत बसायचं. फेरेट सोडलं तर करार मोडला, जमीन गेली. पेरायचं कोणी, खायचं कोणी आणि मौज कोणाची! खासदार जॉन ब्राइटने १८४५ साली संसदेत यासाठी चौकशी समिती बसवायला लावली. शेतकऱ्यांनी साक्षी दिल्या, नुकसानीचे हिशेब मांडले. तरीही कायदा व्हायला आणखी पस्तीस वर्षं लागली.

१८८०मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या सरकारने 'ग्राउंड गेम अॅक्ट' आणला. गृहमंत्री हारकोर्ट यांनी तो मांडला. कायदा छोटा आहे, पण त्यातलं एक कलम फार मोठं. जमीन ज्याच्या ताब्यात आहे, जो ती कसतो, त्याला आपल्या पिकाच्या रक्षणासाठी ससे मारायचा हक्क आहे, आणि हा हक्क कुठल्याही कराराने काढून घेता येणार नाही. लॉर्डने सही करून घेतली तरी तो कागद रद्द. आपल्याकडे कुळकायद्याच्या लढ्यात वाढलेल्या घरांना या कलमाची किंमत लगेच कळेल. दुबळ्याकडून 'राजीखुशीने' हक्क सोडल्याची सही घेणं किती सोपं असतं! ती वाट या कायद्याने बंद केली.

आता कूळ उजळ माथ्याने फेरेट आणि टेरियर घेऊन बांधावर जाऊ लागलं. ससे धरून देणारा माणूस पगारी कामावर ठेवता येऊ लागला. काल जो चोर होता त्याच्यासारखंच कसब असलेला माणूस आज रोजंदारीवर. भूमिहीन मजुराला मात्र या कायद्याने स्वतःचा असा हक्क दिला नाही. त्याच्यासाठी १८६२चा कायदा होताच, ज्याने पोलिसांना रस्त्यात थांबवून त्याचे खिसे तपासायची मुभा दिली. म्हणजे अर्धाच न्याय. पण जो झाला तो कशामुळे झाला? कुळांना मत मिळत गेलं, त्यांचं नुकसान संसदेत मोजलं जाऊ लागलं, म्हणून.

विसाव्या शतकात दोन महायुद्धं झाली, अन्नाची टंचाई आली. ससे पिकाचं किती खातात हा प्रश्न कुळाचा राहिला नाही, देशाचा झाला. १९५३मध्ये मिक्झोमॅटोसिस हा सशांचा रोग इंग्लंडच्या केंट भागात पोचला आणि दोन-तीन वर्षांत देशातले शंभरातले पंच्याण्णवहून जास्त ससे मेले. डोळे सुजलेले, आंधळे झालेले ससे रस्त्यांवर पडलेले लोकांनी पाहिले. त्यात सरकारने १९५४चा कायदा केला: उरलेले ससे मारा, हे तुमचं कर्तव्य. त्याच कायद्यात आजारी ससा मुद्दाम सोडून रोग पसरवणंही गुन्हा ठरलं, आणि पाय चिरडणाऱ्या लोखंडी सापळ्यांना आळा घातला गेला. फेरेट, जाळी, कुत्रा ही जुनी पद्धत मात्र राहिली. २००४च्या कायद्याने कुत्र्यांनी रानटी प्राण्यांची शिकार करायला बंदी आली, घोड्यावरून कोल्ह्यामागे जाणाऱ्या बड्या लोकांचा खेळ अडला. सशांना आणि उंदरांना त्यातून वगळलं, अट एवढीच की जमीन तुमची हवी किंवा जमीनवाल्याची परवानगी हवी. १३९०चा काटा पुरता उलटा फिरला म्हणा ना.

याचा अर्थ ससे संपले म्हणून सगळं आबादीआबाद झालं असंही नाही. ससे चरायचे म्हणून जिथे गवत आखूड राहायचं, तिथे झुडपं माजली. 'लार्ज ब्लू' नावाचं फुलपाखरू अशा आखूड गवतावर जगायचं. १९७९मध्ये ते ब्रिटनमधून नाहीसं झालं आणि पुढे बाहेरून आणून पुन्हा वसवावं लागलं. आणि ज्या स्पेन-पोर्तुगालमधून हा ससा जगभर गेला, तिथे आज तो धोक्यात आलेला प्राणी म्हणून नोंदला आहे. एका देशात उपद्रव, दुसऱ्या देशात दुर्मीळ. म्हणून 'मारा' किंवा 'वाचवा' अशी एकच घोषणा सगळीकडे चालत नाही.

आता आपल्याकडे. ज्या काळात इंग्लंडमध्ये खिशात फेरेट सापडलं म्हणून माणसं न्यायालयात उभी राहत होती, त्याच काळात, १८७१ साली, त्याच राज्यकर्त्यांनी हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा आणला. १९११च्या कायद्याने त्याची व्याप्ती आणखी वाढली. हा कायदा शिकारीच्या कायद्यातून निघाला असं मी म्हणत नाही, त्याची कारणं वेगळी होती. पण नजर ओळखीची आहे. इंग्लंडमधल्या माणसाला निदान फेरेटसकट पकडावं लागत होतं. इथे फास लावून तित्तर, ससे, हरणं धरणारा फासेपारधी जन्मल्याबरोबरच संशयित. गावोगाव हजेरी, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती. ३१ ऑगस्ट १९५२ला ही जमात-गुन्हेगारी कायद्याने संपली. नजर संपली का, ते तुम्ही तुमच्या गावात बघा.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे ससा मारणं गुन्हा आहे, आणि तो कायदा कोणा लॉर्डच्या मौजेसाठी केलेला नाही. प्राणी खरोखर संपत चालले होते, म्हणून केलेला आहे. ही पोस्ट वाचून कोणी फास काढू नये, हे स्पष्ट लिहितो. पण इंग्लंडच्या कुळाने विचारलेला प्रश्न आपल्या शिवारातही उभा आहे. विदर्भात रोही आणि रानडुक्कर, कोकणात माकडं आणि गवे. रात्र-रात्र मचाणावर जागणारा शेतकरी विचारतो: प्राणी देशाचा, जंगल सरकारचं, मग नुकसान एकट्या माझं का? भरपाईच्या योजना आहेत, पण पंचनामे, फोटो, अर्ज, खेटे या सगळ्यातून किती रुपये वेळेवर हाती पडतात ते ज्याचं त्याला ठाऊक.

इंग्लंडला या प्रश्नाचं उत्तर द्यायला पाचशे वर्षं लागली. उत्तर मिळालं ते तेव्हाच, जेव्हा नुकसान सोसणाऱ्याचा हिशेब कायदा करणाऱ्यांच्या टेबलावर पोचला आणि त्याच्या हातात मत आलं. आपल्या हातात मत पहिल्या निवडणुकीपासून आहे. कमी आहे ती हिशेबाची. तुमच्या गावात गेल्या हंगामात रानजनावरांनी किती एकरांचं पीक खाल्लं, किती जणांनी अर्ज केले, किती जणांना किती मिळालं? ग्रामसभेत हा आकडा कोणी मांडलाय का? मांडला असेल तर खाली लिहा. नसेल तर पुढच्या ग्रामसभेत विचारा.